शेवटच्या पंगतीतली हाडं

बऱ्याच दिवसांपासून ह्या विषयावर लिहायचं मनात होतं. आळस, दुसरं काय! पण गेल्या वर्षभरात नात्यातून आणि शेजारपाजारातून जे फोन आले, त्यांतले चार तरी एकाच जातीचे होते. कुणाचं मनगट, कुणाचा खुबा, कुणाच्या मणक्याला चीर. चौघी बायका, चौघी साठीच्या पुढच्या, आणि चौघींपैकी एकही जिन्यावरून गडगडलेली नाही. एकीचा न्हाणीघरात जरासा तोल गेला, दुसरीने नुसती पाण्याची बादली उचलली. आणि प्रत्येक फोनचा शेवट अगदी ठरलेला: "वय झालं गं, हाडं ठिसूळ व्हायचीच."

हे शेवटचं वाक्य मला मुळीच पटत नाही. म्हणजे वय झालं हे खरं, पण सगळा दोष वयावर ढकलून मोकळं व्हायचं हे पटत नाही. माझं म्हणणं असं की साठीला मोडलेलं हाड बऱ्याचदा पंधराव्या वर्षापासून ताटात कच्चं राहत आलेलं असतं. आणि ते का कच्चं राहतं, ह्याचं उत्तर औषधांच्या दुकानात कमी आणि आपल्या स्वयंपाकघरात, म्हणजे वाढणाऱ्या हातात आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईत, जास्त सापडतं.

(मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. त्यामुळे कुणी माझं ऐकून चालू असलेली औषधं बंद करू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.)

आधी थोडं हाडांबद्दल. आपल्याला वाटतं हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की झालं. तसं नसतं. हाड जिवंत असतं. एका बाजूने काही पेशी ते पोखरत असतात आणि मागून दुसऱ्या पेशी ते भरून काढत असतात. हे काम जन्मभर चालू. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने घडतो. लहानपणी आणि वयात येताना भरणाऱ्यांचा जोर जास्त, तिशीच्या आसपास बरोबरी, आणि पुढे हळूहळू पोखरणाऱ्यांची सरशी. बायकांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ही झीज झपाट्याने होते.

मला ह्याचा विचार करताना जुन्या घरातली कणगी आठवते. सुगीत जेवढं धान्य भरलंत, तेवढंच पुढे काढून खायचं. दोघीजणी रोज सारखंच धान्य काढतात, पण एकीची कणगी तोंडापर्यंत भरलेली आणि दुसरीची अर्धीच. तळ कुणाचा आधी लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. हाडांची सुगी म्हणजे साधारण दहा-बारा ते तीस ही वर्षं. त्यातही वयात येण्याची चार-पाच वर्षं फार मोलाची. तेव्हा जे भरलं ते भरलं. नंतर गळती कमी करता येते, पण तशी भर पुन्हा पडत नाही.

आता दुसरी एक गोष्ट, जी आमच्या घरात हमखास गोंधळ घालते. "अगं, माझं कॅल्शियम नॉर्मल आलंय" असं म्हणून रक्ताचा रिपोर्ट दाखवतात. शरीरात सगळं मिळून किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं एवढंसं रक्तात आणि पेशींत. पण हृदय ठोक्यावर चालायला आणि स्नायू आखडायला-सैल व्हायला तेच लागतं, म्हणून शरीर रक्तातली पातळी काही केल्या ढळू देत नाही. जेवणातून कमी आलं, की गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या चार चिमुकल्या ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम उचललं जातं. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट उत्तम, आणि कणगी मात्र रिकामी होत चाललेली! हाडं किती विरळ झाली आहेत हे कळायला घनता मोजण्याची वेगळी तपासणी लागते, तिला डेक्सा म्हणतात. तो आकडा उणे अडीच किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेलं माप आहे.

असो. शाळेचा तास संपला :) आता ताटाकडे येऊ.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली जे आकडे दिले त्यांत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं म्हटलंय, पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला १२००. ह्याआधीच्या, २०१० च्या शिफारशीत हाच आकडा ६०० होता. म्हणजे "पूर्वी एवढं कुठे लागायचं" असं म्हणणाऱ्यांनाही काहीतरी आधार आहे. पण ६०० तरी मिळतात का, ते बघू.

मी एकदा वही घेऊन बसले आणि आपल्याकडच्या एका साध्या मध्यमवर्गीय शाकाहारी बाईच्या दिवसाचा हिशोब मांडला. दोन कप चहा, त्यात सगळं मिळून अर्धा कप दूध: १२० च्या आसपास. दिवसभरात पाच पोळ्या: ५०. भात: ५, तोही उदार मनाने. वरण: २०-२५. दोडका, फ्लॉवर किंवा बटाटा अशी भाजी: ३०-४०. दाण्याचं कूट: ५-१०. बेरीज कशीबशी अडीचशे! वाटीभर दही खाल्लं तर चारशे. पण दही "मुलांना पुरू दे" म्हणून राहिलेलं असतं. दूध मुलाच्या ग्लासात आणि नवऱ्याच्या कॉफीत गेलेलं असतं. साय तुपासाठी साठवलेली, आणि तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. हजाराच्या जागी अडीचशे, तेही रोज, तेही वीस-तीस वर्षं. उरलेले साडेसातशे कुठून आणायचे हो शरीराने? सगळे काही हाडातून निघत नाहीत. कमी मिळालं की आतडी थोडं जास्त शोषून घेतात, मूत्रपिंडं थोडं वाचवतात. पण काटकसरीलाही सीमा असते.

आता हेच ताट किंचित बदलून बघा. दोन पोळ्यांच्या जागी एक नाचणीची भाकरी: पावणेदोनशे. मुळ्याचा पाला, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी: अडीचशेच्या आसपास. चमचाभर तिळाची चटणी: सव्वाशे, पण त्यातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून मी अर्धंच धरते. वाटीभर दही: दीडशे. एक कप दूध: २४०. चहातलं आणि बाकीचं धरलं तर हजाराच्या घरात पोचलो की! ह्यात परदेशी बिया नाहीत, डब्यातली पावडर नाही. बाजारातून नवीन काही आणलं असेल तर फार तर नाचणी.

नाचणीबद्दल दोन शब्द जास्त लिहायलाच हवेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गव्हाच्या पिठात तीस-चाळीस, तांदळात दहासुद्धा नाही. कोकणात, घाटमाथ्यावर, कोल्हापूरकडे आणि नाशिकच्या आदिवासी भागात (तिकडे नागली म्हणतात) हे रोजचं खाणं होतं. मग रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, माणसं शहरात आली, आणि काळी भाकरी हे गरिबीचं लक्षण ठरलं. पाहुणे आले की ती टोपलीखाली लपवायची! २०१८ साली सरकारने ह्या धान्यांना पौष्टिक धान्य म्हणायचं ठरवलं, २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, आणि आता तीच नाचणी चकचकीत पाकिटातल्या बिस्किटांतून चौपट किमतीला आपल्याकडे परत आली आहे. त्यात नाचणी किती आणि मैदा-साखर किती हे मागच्या बारीक अक्षरांत वाचावं. आपल्या आज्या नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करायच्या, आंबील आंबवायच्या. मोड आणल्याने आणि आंबवल्याने कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट कमी होतात. त्यांना हा शब्द माहीत नव्हता, पण बाळाला नाचणीसत्त्व मानवतं हे माहीत होतं.

पालेभाजीचंही तसंच. "पालक खा, लोह-कॅल्शियम मिळतं" हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झलेट त्याला असं काही मिठी मारून बसतं की जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. दुधातलं साधारण तीस टक्के. म्हणून पालक खायचा नाही असं नाही, पण हाडांसाठी मेथी आणि मुळ्याचा पाला ह्यांचा नंबर वर. मुळ्याचा पाला तर भाजीवालीकडून येता येताच आपण कचऱ्यात टाकतो! आणि मासे खाणाऱ्यांची चंगळच आहे. जवळा, सुकट, मोतके, बोंबील, म्हणजे काट्यासकट किंवा कवचासकट जे जे पोटात जातं, ते सगळं हाडांचं खाणं. सुरमईचा तुकडा दिसायला भारी, पण ह्या बाबतीत मूठभर सुकट त्याला हरवते.

पण ही सगळी यादी देऊन मी थांबले तर ह्या लेखात आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत फरक तो काय राहिला? यादी आपल्याला माहीतच असते. प्रश्न यादीचा नसून पंगतीचा आहे.

आपल्याकडे घरातली बाई शेवटी जेवते. हे वाक्य वाचून काही मंडळी "आता कुठे तसं राहिलंय" म्हणतील. राहिलंय हो. शहरातल्या टेबलावर सगळे एकत्र बसतात तिथेही गरम पोळी करणारी ओट्याशी उभी असते, आणि ती बसते तेव्हा भाजीचा रस्सा उरलेला असतो, फोडी संपलेल्या असतात. वरणाला पाणी घालून वाढवलेलं असतं. दह्याच्या भांड्याला आतून चिकटलेलं दही ती ताक म्हणून पिते. ह्याला कुणी जुलूम म्हणत नाही. ह्याला आपण माया म्हणतो, आणि म्हणूनच त्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. पोट भरतं, त्यामुळे कुणाला उपासमार दिसत नाही. पण भरलेलं पोट आणि भरलेली हाडं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भात-पोळीने भरतं. हाडांना लागतं ते सगळं, म्हणजे दूध-दही, डाळी-उसळी, पालेभाजी, मासे, आधीच्या पंगतीत संपतं.

डाळी-उसळींचं नाव मी मुद्दाम घेतलं. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्याची चौकट प्रथिनांची असते आणि त्या चौकटीवर कॅल्शियम-फॉस्फरसचं लिंपण होतं. चौकटच अशक्त असेल तर लिंपायचं कशावर? प्रथिनं कमी पडली की स्नायूही सुकतात, आणि म्हातारपणी तोल सावरायला स्नायूच लागतात.

गंमत म्हणजे बाईच्या हाडांची काळजी घ्यायची हे आपल्या परंपरेला चांगलं ठाऊक होतं. बाळंतिणीचा खुराक आठवा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, खारीक, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर बाळंतशेपा. अळीव आणि खसखस दोन्ही कॅल्शियमने भरलेले. अंगावर पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम खरोखरच दुधात जातं, आणि पाजणं थांबल्यावर बहुतेकींच्या हाडांत ते परत भरलं जातं. पण हा सगळा थाट किती दिवस? सव्वा महिना! चाळीस दिवस ती राणी, एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा शेवटच्या पंगतीत. बाळ मात्र पुढे वर्ष-दीड वर्ष पीत असतं. म्हणजे ज्ञान होतं, फक्त मुदत कमी होती. आणि कधीकधी मला वाटतं, तो खुराक आईसाठी होता की बाळाच्या दुधासाठी? असो.

मग उपास. इथे मला थोडं सांभाळून लिहायला हवं, कारण आमच्या मावश्या-आत्या हे वाचणार आहेत :) उपासाला माझा विरोध नाही. श्रद्धेचा भाग आहे, तो ज्याचा त्याने ठरवावा. पण सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र असं करत वर्षातले किती दिवस होतात ते मोजा, आणि त्या दिवशी आपण काय खातो ते बघा. साबुदाणा! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात ना प्रथिनं, ना म्हणावं असं कॅल्शियम. बरं, उपासालाच चालणारा राजगिरा शेजारीच बसलेला असतो, शंभर ग्रॅमला दीडशेच्या वर कॅल्शियम आणि बरी प्रथिनं घेऊन. तेव्हा आत्या, उपास जरूर कर, पण खिचडीच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही घे. देवाला चालतं. हाडांनाही.

आता ह्या शेवटच्या पंगतीत एक नवीनच पिढी स्वतःहून येऊन बसायला लागली आहे, आणि खरं तर तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. माझी भाची पंधरा वर्षांची आहे. हुशार, चुणचुणीत. तिला कुणी शेवटी वाढत नाही, उलट सगळं घर तिच्यामागे वाटी घेऊन फिरतं. पण ती दूध "ईऽऽ" म्हणून सोडते, पोळीने जाड होतं म्हणून पोळी अर्धी, भात बंद, आणि मैत्रिणींबरोबर थंड पेय मात्र चालतं. वजन कमी झालं की तिला शाबासकी देणारी मोठी माणसंही घरातलीच. "छान बारीक झालीस गं!" अरे, ही तिची सुगी आहे! ह्या वयात गरजेपेक्षा फार कमी खाल्लं तर पाळी अनियमित होते, कधी बंदच पडते, म्हणजे ऐन भरणीच्या वेळी इस्ट्रोजेन आटतं. आजीच्या हाडांचं पन्नाशीत जे झालं, तेच नातीच्या हाडांचं पंधराव्या वर्षी सुरू होतं. फरक इतकाच, की आजीला वाढायला कुणी नव्हतं आणि नातीला खायचं नाही. हाडांना ह्यातला फरक कळत नाही.

आमच्याकडे एक ठरलेला युक्तिवाद आहे: "आमच्या आजीने कुठे कॅल्शियम मोजलं होतं? नव्वदीपर्यंत ठणठणीत होती." होती, मान्य. पण ती नाचणी खायची, कांडण-दळण करायची, पाणी भरायची, अंगणात उन्हात वाळवणं घालत बसायची. आणि दुसरं म्हणजे, साठीतच कमरेत वाकलेल्या, काठीशिवाय न चालणाऱ्या आज्याही त्याच वाड्यात होत्या. त्यांना आपण "कुबड आलं" म्हणायचो आणि विसरायचो. ते कुबड बऱ्याचदा मणके खचल्याचं असतं. म्हणजे जुनं ते सगळं सोनं असंही नाही.

वाळवणाचा विषय निघालाच आहे तर ऊन. आतड्यांतून कॅल्शियम आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते जेवणातून फारच थोडं मिळतं. आपली कातडी ते उन्हात तयार करते. "सकाळचं कोवळं ऊन घ्या" असं सगळे सांगतात, पण त्यासाठी लागणारे किरण कोवळ्या उन्हात फार कमी असतात. ते मिळतात दहा-अकरा ते तीनच्या दरम्यान, आणि काचेतून येत नाहीत. त्या वेळी नोकरी करणारी वातानुकूलित खोलीत, आणि घरातली स्वयंपाकघरात. ऊन इतकं की नकोसं व्हावं अशा देशात राहूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, ती अशी. करपून घ्यायची गरज नाही, पण हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर कपडे वाळत घालायला काय हरकत आहे? (आणि ते काम नवऱ्यानेही करावं, पुरुषांचीही हाडं झिजतात.) चालणं, जिने चढणं हेही तितकंच महत्त्वाचं. हाडावर भार पडला तरच ते स्वतःला बळकट करतं.

आणि मीठ! जास्त मीठ खाल्लं की लघवीवाटे जास्त कॅल्शियम जातं. साधारण सहा ग्रॅम मिठामागे चाळीस मिलिग्रॅम, असा अंदाज आहे. आता आठवा, भाजी संपल्यावर शेवटच्या पंगतीत काय उरतं? पापड, लोणचं, ठेचा! म्हणजे आत येणारं कमी आणि बाहेर जाणारं जास्त.

मग गोळ्यांचं काय? साठीनंतर घरोघरी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात आणि सगळ्यांना कर्तव्य केल्यासारखं वाटतं. इथे दोन अभ्यास मला फार बोलके वाटतात. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या तीन हजारांहून जास्त म्हाताऱ्या बायकांवरचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण चांगलंच कमी झालं. ह्या बायका चौऱ्याऐंशीच्या आसपासच्या, घराबाहेर फारशा न पडणाऱ्या, मुळातच कमतरता असलेल्या. उलट अमेरिकेत पंचवीस हजारांवर धडधाकट माणसांना नुसतं ड जीवनसत्त्व देऊन बघितलं, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. हाडं मोडण्यात फरक पडला नाही, कारण बहुतेकांना ते आधीच पुरेसं मिळत होतं. ह्यातून मला कळलं ते इतकंच: गोळी खड्डा भरते, पण खड्डा मुळात का पडला हे गोळीला विचारता येत नाही. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेली औषधं नेमाने घ्यावीत, चांगली औषधं आहेत आणि ती मोडतोड टाळतात. खुबा मोडणं ही साधी गोष्ट नाही. जगभरचा अनुभव असा की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतलं एक माणूस वर्षभरात जातं. पण शेजारणीला दिली म्हणून साठ हजार युनिटची पुडी महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेणं धोक्याचं. ड जीवनसत्त्व अंगात साठतं, फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात.

लहान वयात ताटातून काम करता येतं ह्याबद्दल मला आशा वाटते. पुण्यात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत मुलांच्या हाडांवर बरीच वर्षं काम चालू आहे, आणि तिथे गरीब वस्तीतल्या लहानग्यांना कॅल्शियमयुक्त लाडू देऊन बघण्याचा प्रयोगही झाला होता. लाडू! संशोधकांनाही शेवटी आपल्या स्वयंपाकघरातलीच वस्तू हाती घ्यावीशी वाटली, ह्याचं मला फार बरं वाटलं.

थोडक्यात काय, तर माझी मागणी साधी आहे. येत्या गणपतीत आपण सगळे जमणार आहोत. त्या दिवशी पहिली पंगत मुलींची आणि बायकांची. वाढायला पुरुष मंडळी. दादा, काका, हसू नका, मी खरंच म्हणतेय. आणि एक दिवसाचं कौतुक पुरे नाही. रोजच्या घरात एवढं करा: दही वाटीत मोजून लावा, घरात जितकी माणसं तितक्या वाट्या, आणि स्वयंपाक करणारीची वाटी आधी भरून बाजूला ठेवा. भाजी उरली तर तिला, असं नको, तिची काढून उरली तर दुसऱ्यांदा. घरातल्या मुलीला बारीक झाल्याबद्दल शाबासकी देणं बंद करा. आणि वहिनी, तुझ्यासाठी खास: "मला काय, मी काहीही खाते" हे वाक्य ह्या वर्षी सोडून दे. तुझी लेक ते ऐकते आहे.

बाकी, नाचणीची भाकरी थापताना कडांना चिरा पडू नयेत म्हणून कुणाकडे खात्रीची युक्ती असेल तर जरूर कळवा. उकड काढून थापते, तरी माझा अजून नकाशाच होतो.